कक्षेपर्यंत पोचणारी खासगी रॉकेट कंपनी: पहिल्या हिशेबापासून पहिल्या उड्डाणापर्यंत

रॉकेट कंपनी काढायची म्हटली की बोलणं इंजिनापासून सुरू होतं. पण खासगी कंपन्यांची पहिली उड्डाणं कशामुळे फसली हे शेजारी शेजारी मांडून पाहिलं, तर इंजिनाची मूळ रचना चुकल्याची उदाहरणं थोडीच सापडतात. गंजलेला नट, दोन आज्ञांमधलं अपुरं अंतर, तारांच्या नकाशातली अदलाबदल, जमिनीवरच्या यंत्रणेत चालू करायची राहिलेली एक सेटिंग अशी कारणंच जास्त. जिथे दोन माणसांची, दोन विभागांची किंवा दोन भागांची कामं एकमेकांना भिडतात, तिथे रॉकेट पडतं. कंपनीची आखणी, खर्च आणि चाचण्या हे ओळखूनच कराव्यात.

हे मार्गदर्शन भारतातल्या छोट्या संघासाठी आहे. समोर धरलेलं वाहन असं: दोन टप्पे (एकावर एक बसवलेले, इंधन संपलं की सुटणारे भाग), द्रवरूप ऑक्सिजन आणि शुद्ध केलेलं रॉकेल, १५० किलोचा उपग्रह, ५०० किमीची कक्षा.

आधी गिऱ्हाईक आणि कक्षा

स्पेसएक्सने २०१९ मध्ये सामायिक उड्डाणाचा दर २०० किलोला १० लाख डॉलरवर आणला. जानेवारी २०२१ मध्ये ट्रान्सपोर्टर-१ मोहिमेत त्यांच्या एकाच फाल्कन ९ रॉकेटने १४३ उपग्रह नेले. किलोमागच्या दरात छोटं रॉकेट त्याला हरवू शकत नाही. तुम्ही विकता ती गिऱ्हाइकाला हवी तीच कक्षा आणि त्याला हवा तोच महिना. हे महत्त्वाचं वाटणारी गिऱ्हाइकं आधी शोधा, त्यांच्याशी बोलून उपग्रहाचं वजन, मापं आणि कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल लिहून घ्या. त्या कागदाशिवाय इंजिनाचा आकार ठरवू नका.

पृथ्वीचं निरीक्षण करणाऱ्या बहुतेक उपग्रहांना सूर्यसमकालिक कक्षा लागते, म्हणजे प्रत्येक जागेवरून साधारण त्याच स्थानिक वेळी नेणारी. ५०० किमीवर तिचा कल सुमारे ९७.४ अंश असतो, त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मिळत नाही, उलट थोडा तोटाच होतो. शिवाय श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेला जाता येत नाही, वाटेत श्रीलंका आहे. आधी आग्नेयेला जाऊन मग वळावं लागतं. ते वळण मोठ्या रॉकेटला परवडतं, छोट्याच्या भारातला, म्हणजे ते वर नेऊ शकतं त्या वजनातला, मोठा वाटा मात्र खाऊन टाकतं. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला दुसरा तळ उभा करण्याचं हेच कारण. त्याची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ ला झाली. तुमच्या वाहनाचा हिशेब दोन्ही तळांवरून वेगवेगळा करा आणि गुंतवणूकदाराला दोन्ही आकडे दाखवा.

वजनाचा हिशेब

कक्षेतला वेग सेकंदाला सुमारे ७.६ किमी. गुरुत्वाकर्षण, हवेचा विरोध आणि दिशा वळवण्यातलं नुकसान धरून रॉकेटला एकूण सेकंदाला ९.४ किमी वेगवाढ द्यावी लागते. त्यातले ३.८ पहिल्या टप्प्याला आणि ५.६ दुसऱ्याला वाटून देऊ. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या झोताचा वेग पहिल्या टप्प्यात सरासरी २९०० मी./सेकंद आणि निर्वातात चालणाऱ्या दुसऱ्यात ३३०० मी./सेकंद धरू. दुसऱ्या टप्प्याचं कोरडं वजन, म्हणजे टाक्या रिकाम्या असतानाचं, त्याच्या प्रणोदकाच्या (इंधन आणि ऑक्सिजन मिळून) १० टक्के आणि पहिल्याचं ८ टक्के.

दुसऱ्या टप्प्यासाठी सुरुवातीच्या आणि शेवटच्या वजनाचं गुणोत्तर ५.४६ येतं. १५० किलो भार असेल तर टप्प्याचं कोरडं वजन सुमारे १२१ किलो आणि प्रणोदक १२०६ किलो, म्हणजे भारासह एकूण १४७७ किलो. हे सगळं पहिल्या टप्प्याच्या डोक्यावर बसतं. त्याचं गुणोत्तर ३.७१, कोरडं वजन ४०८ किलो, प्रणोदक ५१०४ किलो. जमिनीवर उभ्या रॉकेटचं वजन जवळपास ७ टन. भार त्याच्या दोन टक्क्यांपेक्षा किंचित जास्त.

याच हिशेबातून संघाच्या भिंतीवर लावावेत असे तीन आकडे निघतात. दुसऱ्या टप्प्यात एक किलो वाढला की भार एक किलोने घटतो. पहिल्या टप्प्यात दहा किलो वाढले तर भारातून साधारण एक किलो जातो. दुसऱ्या टप्प्याच्या झोताचा वेग एक टक्क्याने कमी पडला तर पाच किलो भार गेला. त्यामुळे हलक्या भागांवरचा पैसा आधी दुसऱ्या टप्प्यावर खर्च करा. पहिला टप्पा जड पण सोपा राहिला तरी चालतं.

कागदावरच्या वजनांवर सुरुवातीला किमान २० टक्के राखीव धरा. वजनाची नोंदवही एकाच माणसाकडे द्या. प्रत्येक भाग तयार झाल्यावर काट्यावर ठेवून अंदाजाच्या जागी खरा आकडा लिहायचा. तारा, क्लॅम्प, रंग, इन्सुलेशन आणि चिकटद्रव्य यांचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी धरलेला असतो.

उड्डाणाच्या वेळी वजनाच्या १.३ पट रेटा हवा, म्हणजे सुमारे ८९ किलोन्यूटन. १३ किलोन्यूटनची सात इंजिनं पुरतात. तेच इंजिन लांब नोझल लावून दुसऱ्या टप्प्यावर एकटं वापरता येतं. एकच इंजिन आठदा बनवल्याने कारागिरांचा हात लवकर बसतो आणि चाचण्यांचा अनुभव एकाच ठिकाणी साठतो. रॉकेट लॅब कंपनीने आपल्या इलेक्ट्रॉन या छोट्या रॉकेटच्या पहिल्या टप्प्यावर नऊ रदरफोर्ड इंजिनं आणि दुसऱ्यावर एक अशीच मांडणी केली.

प्रणोदन: कोणता मार्ग

घन इंधनाची मोटर लवकर तयार होते. हलणारे भाग कमी, पण एकदा पेटली की थांबवता येत नाही, आणि प्रणोदक ओतायला स्फोटकांचा परवाना असलेला कारखाना लागतो. हैदराबादच्या स्कायरूटने हा मार्ग घेतला. त्यांच्या कलाम-१०० मोटरची १०८ सेकंदांची चाचणी मे २०२२ मध्ये नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात झाली. सोलर त्यांची गुंतवणूकदारही आहे. १८ नोव्हेंबर २०२२ ला सहा मीटर उंचीचं, ५४५ किलोचं त्यांचं विक्रम-एस रॉकेट श्रीहरिकोट्याहून ८९.५ किमीपर्यंत गेलं. ते कक्षेसाठी नव्हतं, पण परवानगी, जुळणी, दूरमापन (उडत्या रॉकेटकडून रेडिओने येणारी माहिती) आणि तळावरचं काम या सगळ्याचा एक पूर्ण फेरा त्यातून पार पडला. असा छोटा फेरा आधी करणं हा पैशाचा फार चांगला उपयोग आहे.

द्रवइंधनात तीन वाटा. टाकीच्या दाबावर चालणारं इंजिन सोपं, पण टाक्या जाड होतात, म्हणून पहिल्या टप्प्यासाठी ते नको. टर्बोपंप, म्हणजे गरम वायूने फिरणारा पंप, हलका आणि ताकदवान, पण बेअरिंग, सील आणि अतिवेगवान चाकं जमवण्यात वर्षं जातात. तिसरी वाट विजेच्या पंपाची, रदरफोर्डची. वरच्या ७ टनांच्या वाहनासाठी तिचा हिशेब असा: प्रत्येक इंजिनात सेकंदाला सुमारे ३.४ किलो ऑक्सिजन आणि १.४५ किलो रॉकेल, पंपाने वाढवायचा दाब ६० बार (हवेच्या दाबाच्या साधारण ६० पट), पंपाची कार्यक्षमता ६० टक्के. एका इंजिनाला जवळपास ४८ किलोवॅट लागतात, सात इंजिनांना ३३५. १५० सेकंदांत १४ किलोवॅट-तास, मोटर आणि इन्व्हर्टरचं नुकसान धरून १६ ते १७. एवढी बॅटरी अडीच मिनिटांत रिकामी करायची, त्यामुळे सेल निवडताना साठवणीपेक्षा प्रवाह देण्याची ताकद पाहावी लागते. पहिल्या टप्प्याच्या ४०८ किलोतले शंभराहून अधिक किलो बॅटरीच खाते. पहिला टप्पा हे सोसतो. दुसऱ्या टप्प्यात रिकाम्या बॅटऱ्या उड्डाणातच टाकून द्याव्या लागतात, इलेक्ट्रॉन तेच करतं.

छापील इंजिन, म्हणजे त्रिमितीय मुद्रणाने केलेलं, आता छोट्या संघाच्या आवाक्यात आहे. चेन्नईच्या अग्निकुलने आयआयटी मद्रासच्या आधाराने एकसंध छापलेलं इंजिन ३० मे २०२४ ला उडवून दाखवलं. अडचण वेगळ्या जागी येते. इंजिनाच्या भिंतीतल्या, थंड करणाऱ्या बारीक नाळ्यांत छपाईची धातूची पूड अडकून राहते आणि पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे दाब अपेक्षेपेक्षा जास्त घटतो. प्रत्येक दहनकक्षाचं सीटी स्कॅन करा आणि नाळ्यांतून पाणी सोडून प्रवाह मोजा. एकाच नाळीत तिसरा हिस्सा प्रवाह कमी असेल तर तेवढ्या पट्ट्यात भिंत वितळते. सरासरी प्रवाह बरोबर आला म्हणून तो भाग पास करू नका.

चाचणी मंच: इथे हात आखडू नका

इंजिन जमिनीवर बांधून चालवून पाहायच्या मंचाला इंजिनाच्या आराखड्याइतकाच वेळ द्या. स्वतःचा मंच असलेला संघ आठवड्यात तीन चाचण्या घेतो, दुसऱ्याच्या मंचावर तारीख मागणारा संघ महिन्यात एक. कंपनीचा वेग इथेच ठरतो.

ऑक्सिजनच्या बाजूची स्वच्छता हा सगळ्यात कडक नियम. उणे १८३ अंशांच्या द्रव ऑक्सिजनमध्ये बोटाचं तेल, कटिंग ऑइल किंवा साधं ग्रीस राहिलं, तर व्हॉल्व्ह झटक्यात बंद होण्याच्या धक्क्यानेही पेट घेऊ शकतं. प्रत्येक भाग धुवून, अतिनील दिव्याखाली पाहून, पांढऱ्या कापडाने पुसून तपासायचा आणि दोन्ही तोंडं बंद करून पिशवीत ठेवायचा. पिशवी फाटली तर पुन्हा धुवायचा, चर्चा नाही. ग्रीस आणि सील ऑक्सिजनसाठी मान्य केलेलेच हवेत. टायटॅनियम या बाजूला अजिबात वापरू नये.

चाचण्यांचा क्रम असा ठेवा.

१. इंजेक्टरमधून (इंधन आणि ऑक्सिजन दहनकक्षात फवारणाऱ्या भागातून) पाणी. प्रत्येक छिद्राचा प्रवाह आणि फवाऱ्याचा कोन. छिद्राच्या कडेला राहिलेला धातूचा कणसुद्धा इथे दिसतो.

२. ऑक्सिजनच्या जागी उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन. गळती, आकसणारे जोड, अडकणारे व्हॉल्व्ह. खोलीच्या तापमानाला घट्ट बसलेला जोड थंडीत ढिला पडतो, म्हणून टॉर्क पुन्हा तपासा.

३. फक्त इग्नायटर, म्हणजे इंजिन पेटवणारा भाग, किमान पन्नास वेळा. प्रत्येक वेळी पेटल्याची खूण सेन्सरकडून मिळायला हवी.

४. पूर्ण इंजिन एक सेकंद. मग पाच, वीस आणि शेवटी १५० सेकंद.

५. मिश्रणाचं प्रमाण दहा टक्के वर-खाली, पंपाच्या तोंडाशी दाब कमी, प्रणोदक जरा गरम. उड्डाणात टाक्या रिकाम्या होताना हीच परिस्थिती येणार असते.

सुरुवातीचे दोन सेकंद सगळ्यात धोक्याचे. ऑक्सिजनची नळी आणि पंप पुरेसे थंड झाले नसतील तर आत वायूचे बुडबुडे होतात, पंपाला पकड मिळत नाही आणि फिरण्याचा वेग मर्यादेबाहेर जातो. उलट, पेटण्याआधीच दहनकक्षात दोन्ही द्रव जमले तर सगळं एकदम पेटून दाब उसळतो आणि इंजेक्टर फुटतो. उपाय क्रमात आहे. आधी थंडावणी, तापमान ठरलेल्या आकड्याखाली गेल्याची खात्री, मग इग्नायटर, तो पेटल्याची खूण, आणि त्यानंतरच मुख्य व्हॉल्व्ह. ठरलेल्या वेळेत, समजा अर्ध्या सेकंदात, कक्षाचा दाब अपेक्षेपर्यंत गेला नाही तर संगणकाने स्वतः व्हॉल्व्ह बंद करून नायट्रोजन सोडायचा. हा निर्णय माणसाच्या बोटावर ठेवू नका, बोट पोचेपर्यंत वेळ गेलेली असते. बंद करताना ऑक्सिजन आधी थांबवायचा, म्हणजे शेवटचा झोत इंधनाने भरलेला राहतो आणि गरम भिंत जळत नाही.

दहनातली अस्थिरता दोन प्रकारची. इंजिन घोगऱ्या आवाजात धडधडत असेल तर इंजेक्टरवरची दाबघट बहुधा कमी आहे. ती कक्षाच्या दाबाच्या १५ ते २० टक्के ठेवा. दुसरी कर्कश, सेकंदाला हजारो कंपनांची. ती काही मिलिसेकंदांत इंजेक्टर खाते. साध्या दाबमापकावर ती दिसतच नाही, म्हणून सेकंदाला ५० हजार वेळा वाचन घेणारा जलद सेन्सर पहिल्या चाचणीपासून लावलेला हवा. त्याशिवाय जळालेल्या इंजेक्टरचं कारण शोधणं अंधारात चाचपडणं आहे.

टाक्या आणि सांगाडा

५१०४ किलो प्रणोदकासाठी ऑक्सिजन आणि रॉकेलचं प्रमाण २.४ धरलं, तर ३.१६ घनमीटर ऑक्सिजन आणि १.८५ घनमीटर रॉकेल. १.१ मीटर व्यासात वरची मोकळी जागा धरून साडेपाच मीटरच्या आसपास लांबी. वेल्ड केलेला अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू इथे शहाणपणाचा, कारण असं काम करणारे वेल्डर आपल्याकडे आहेत. इस्रोसाठी मोटर केसिंग घडवणारी वालचंदनगर इंडस्ट्रीज आणि विकास इंजिनाचे भाग करणारा विक्रोळीचा गोदरेजचा विभाग अनेक दशकं हेच काम करत आहेत. त्या परंपरेतून आलेला अनुभवी तपासनीस तुमच्या संघात असावा.

दाबाची पहिली चाचणी पाण्याने घ्या, वायूने कधीही नाही. दाबलेल्या वायूत साठलेली ऊर्जा टाकी फुटताना माणसं मारते.

टाकीत द्रव हिंदकळतो, आणि त्याची लय नियंत्रण यंत्रणेच्या लयीशी जुळली तर रॉकेट डोलू लागतं. स्पेसएक्सच्या फाल्कन १ या छोट्या रॉकेटचं दुसरं उड्डाण, २१ मार्च २००७, यातच गेलं. दुसऱ्या टप्प्याच्या ऑक्सिजन टाकीत हिंदकळणं रोखणाऱ्या पट्ट्या नव्हत्या. डोलणं वाढत गेलं आणि कक्षा गाठण्याआधीच इंजिन बंद पडलं. काही किलो वाचवण्यासाठी पट्ट्या काढायच्या असतील तर आधी टाकीचा पारदर्शक नमुना पाण्याने भरून हलवून पाहा.

वाहतूक हाही एक भारच. फाल्कन १ च्या चौथ्या वाहनाचा पहिला टप्पा मालवाहू विमानातून नेताना, विमान खाली येताना बाहेरचा दाब वाढला, आत हवा पुरेशी शिरली नाही आणि टाकी आत दबू लागली. हवा आत येण्याची वाट किती मोठी असावी, हा हिशेब ट्रक आणि विमान दोन्हींसाठी लेखी करा.

टप्पे सुटणं, तारा आणि सॉफ्टवेअर

फाल्कन १ च्या तिसऱ्या उड्डाणाचा धडा प्रत्येक संघाने नीट समजून घ्यावा. ऑगस्ट २००८ मध्ये पहिल्या टप्प्यावर नवं, इंधनानेच थंड होणारं इंजिन होतं. बंद केल्यावर नाळ्यांत उरलेलं इंधन बाहेर पडून थोडा रेटा देत राहिलं. जमिनीवरच्या चाचणीत तो दिसला नव्हता, कारण कक्षाचा तो दाब समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबापेक्षाही कमी होता. निर्वातात मात्र तो पुरला. सुटलेला पहिला टप्पा मागून येऊन दुसऱ्याला धडकला. दुरुस्ती एवढीच होती की इंजिन बंद करणं आणि टप्पे सोडणं यांत काही सेकंद वाढवले. दोन महिन्यांच्या आत, २८ सप्टेंबर २००८ ला, चौथं उड्डाण कक्षेत पोचलं.

तुमच्यासाठी काम असं: इंजिनात कोणताही बदल केला की बंद झाल्यानंतरच्या रेट्याचा आलेख निर्वात गृहीत धरून पुन्हा काढा आणि टप्पे सोडणाऱ्या गटाच्या हातात द्या. प्रत्येक बदलाच्या कागदावर ‘हा बदल कोणाच्या कामावर परिणाम करतो’ असा रकाना ठेवा आणि त्या गटाची सही घ्या.

तारांचंही तसंच. अ‍ॅस्ट्रा या अमेरिकी कंपनीच्या १० फेब्रुवारी २०२२ च्या उड्डाणात नाकाचं आवरण उघडणाऱ्या यंत्रणेच्या तारा नकाशातच उलटसुलट दाखवल्या होत्या. कामगारांनी नकाशाप्रमाणेच जोडलं, तपासणाऱ्यांनीही नकाशाप्रमाणेच तपासलं, आणि आवरण उघडलं नाही. म्हणून तारा तपासताना नकाशाशी ताडू नका. संगणकातून खरी आज्ञा द्या आणि दुसऱ्या टोकाला कोणता भाग कोणत्या क्षणी हलला ते पाहा. सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एका लांब टेबलावर उड्डाणातल्याच तारांनी जोडून ठेवा आणि त्या टेबलावर शेकडो आभासी उड्डाणं चालवा. त्यातली निम्मी बिघाडाची असावीत: एक सेन्सर खोटं बोलतो, एक बॅटरी बसते, दूरमापन तीन सेकंद जातं.

सेन्सर खोटा ठरवणारा तर्कही तितकाच तपासा. इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात, ७ ऑगस्ट २०२२ ला, दुसरा टप्पा सुटतानाच्या थोड्या वेळाच्या कंपनांनी त्वरणमापकांची वाचनं मर्यादेबाहेर गेली. सॉफ्टवेअरने ते नादुरुस्त ठरवून पर्यायी मार्ग धरला आणि उपग्रह ३५६ गुणिले ७६ किमीच्या, न टिकणाऱ्या कक्षेत गेले. रॉकेट ठीक होतं. अशा तर्काला बिघाड ठरवण्याआधी किती वेळ थांबायचं हे टप्पे सुटतानाच्या प्रत्यक्ष धक्क्याच्या चाचणीतून घ्या.

जमिनीवरची यंत्रणा उड्डाणाचाच भाग आहे. इलेक्ट्रॉनचं पहिलं उड्डाण २५ मे २०१७ ला २२४ किमीपर्यंत गेलं होतं आणि वाहनात दोष नव्हता. कंत्राटदाराच्या जमिनीवरच्या उपकरणात चूक-दुरुस्तीची सेटिंग चालू नव्हती, माहिती तुटली आणि सुरक्षा नियमांनुसार उड्डाण संपवावं लागलं. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक उपकरणाची सेटिंग कागदावर उतरवून तालमीत तपासा.

परवाने आणि तळ

हे काम पहिल्या दिवशी सुरू करा, शेवटी नाही. खासगी प्रक्षेपणाला इन-स्पेस या केंद्र सरकारच्या संस्थेची परवानगी लागते. तिचं मुख्यालय अहमदाबादच्या बोपळला आहे. धोरण २०२३ चं, तपशीलवार नियम मे २०२४ चे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार खासगी उड्डाणाचीही जबाबदारी देशावर येते आणि १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीला देश पूर्णपणे जबाबदार. म्हणून उड्डाणमार्ग, रिकामे टप्पे कुठे पडतील, बिघाड झाल्यास तुकडे कुठे जातील, लोकवस्तीला धोका किती, दुसरा टप्पा नंतर कक्षेत फुटू नये म्हणून त्यातला दाब कसा सोडणार, या सगळ्याचे हिशेब मागितले जातात. तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीच्या विम्याची चौकशीही लवकर करा.

द्रव ऑक्सिजनचा साठा, दाबाच्या टाक्या आणि स्फोटकं यांचे परवाने पेसोकडून, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडून. सुरक्षित अंतरांचे त्यांचे नियम आधी वाचा, मग चाचणी मंचाची जमीन घ्या. उलट क्रमाने गेलात तर जमीन असून टाकी ठेवता येत नाही.

परकी पैसा घेताना लक्षात ठेवा: २०२४ च्या बदलानंतर प्रक्षेपण वाहनांत थेट मार्गाने ४९ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यापुढे सरकारची मंजुरी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या गुंतवणूक फेरीत हा आकडा अचानक आडवा येतो.

बिघडलेलं रॉकेट पाडणारी यंत्रणा स्वतः बनवण्याच्या नादी सुरुवातीला लागू नका. अग्निकुलला ती इस्रोने पुरवली. तळाच्या सुरक्षा विभागाला ओळखीची यंत्रणा असली की मंजुरीतले कितीतरी महिने वाचतात.

तळ समुद्राकाठी असतो, आणि खारी हवा आपलं काम करत राहते. फाल्कन १ चं पहिलं उड्डाण २४ मार्च २००६ ला प्रशांत महासागरातल्या ओमेलेक बेटावरून झालं. इंधनाच्या नळीवरचा अ‍ॅल्युमिनियमचा नट गंजाने चिरला होता. गळती, आग, आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास इंजिन बंद. आधी दोष तंत्रज्ञावर गेला होता, तुकडे तपासल्यावर गंज सापडला. पुढच्या वाहनांत ते नट पोलादाचे आले. श्रीहरिकोट्यालाही तीच हवा आहे. उघड्यावर राहणारा काळ मोजून ठेवा, वाहनावर कोरडी हवा फिरती ठेवा, वेगवेगळे धातू थेट एकमेकांना टेकू देऊ नका, आणि इंधनाच्या वाटेवरचे जोड उड्डाणाआधी ठरलेल्या दिवसांनी बदला.

पैसा किती उड्डाणांचा

एका उड्डाणाचा पैसा उभा करून कंपनी सुरू करू नये. एलॉन मस्क यांनी स्पेसएक्समध्ये स्वतःचे जवळपास १० कोटी डॉलर घातले आणि तीन उड्डाणं गेली. चौथं नसतं तर कंपनी संपली होती. तोवर हात दिला तो ऑगस्ट २००६ च्या नासाच्या २७.८ कोटी डॉलरच्या कराराने. त्यात पैसे ठरलेले टप्पे पार केल्यावर मिळत. अशा टप्प्याटप्प्याच्या करारांचा शोध घ्या. भारतात ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अवकाश क्षेत्रासाठी १ हजार कोटींच्या साहसनिधीला मंजुरी दिली आहे.

तीन उड्डाणांचा खर्च आणि प्रत्येकामागे सहा महिन्यांची दुरुस्ती धरून आराखडा करा. एक वाहन तळावर जाताना दुसरं जुळणीत आणि तिसऱ्याचे भाग यंत्रावर असावेत. अपयशानंतर संघ रिकामा बसला तर महिन्याचा पगार जातो आणि चांगली माणसंही जातात. उलट अती घाईही मारते. व्हर्जिन ऑर्बिटचं जानेवारी २०२३ चं उड्डाण इंधनाच्या वाटेवरून निसटलेल्या एका फिल्टरने गेलं, आणि हाती रोकड नसल्याने एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सहापैकी चार उड्डाणं यशस्वी करूनही.

उड्डाण फसलं तर पहिल्या तासात सगळी माहिती गोठवा, कुणीही मूळ फाइलवर काम करायचं नाही. शक्य त्या सर्व कारणांचं झाड काढा आणि प्रत्येक फांदी पुराव्याने तोडा. ‘अमक्याने नट सैल ठेवला’ हे कारण नट हातात येईपर्यंत लिहू नका. पुढच्या वाहनात सापडलेल्या कारणाशी संबंधित बदलच करा. बाकी सुधारणा कितीही आकर्षक वाटल्या तरी त्यांना त्यानंतरच्या वाहनाची वाट पाहू द्या.